पार्श्वभूमी : लेखनाचं 'पाचारण' आलं कुठून?

वर्तमानपत्रात 'पाचारण' हा शब्द बहुधा आग लागल्यावर येतो. अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आलं, बॉम्बशोधक पथकाला पाचारण करण्यात आलं. ख्रिस्ती मराठीत हाच शब्द देवाच्या हाकेसाठी वापरतात. अलीकडे त्याचा आणखी एक वापर रुळला आहे : 'लेखन हे माझं पाचारण आहे.' लेखन-शिबिरांत, पुस्तकाच्या मनोगतात, साक्ष देताना हे वाक्य इतकं सहज येतं की ते पवित्र शास्त्राइतकंच जुनं असावं असं वाटू लागतं. प्रत्यक्षात पोटापाण्याच्या कामाला पाचारण म्हणण्याची रीत जेमतेम पाचशे वर्षांची आहे. ती ज्यांनी पाडली त्यांच्या डोळ्यांसमोर मोची, मोलकरीण आणि न्यायाधीश होते. कवी त्या यादीत असलाच तर अगदी शेवटी.

सगळा गुंता बायबलमधल्या एका वचनाभोवती आहे. प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, सातवा अध्याय, विसावी ओवी. प्रत्येकाने ज्या पाचारणात आपल्याला बोलावलं गेलं त्यातच राहावं, असा तिचा शब्दशः अर्थ. मूळ ग्रीक शब्द 'क्लेसिस'. पौल हा शब्द इतरत्र वापरतो तेव्हा त्याला विश्वासात येण्याची हाक म्हणायची असते. धंदा, हुद्दा किंवा कसब नव्हे. पण इथे मागेपुढे सुंता झालेले आणि न झालेले, दास आणि स्वतंत्र यांची चर्चा चालू आहे, त्यामुळे नेहमीचा अर्थ लावला तर वाक्य अडखळतं. हाकेत राहायचं म्हणजे कुठे राहायचं? म्हणून अनेक भाषांतरकारांनी इथे 'स्थिती' किंवा 'परिस्थिती' असा सोयीचा शब्द घातला. काहींनी 'पाचारण' तसंच ठेवलं आणि वाचकाला वाटेल तो अर्थ घेऊ दिला.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने भाषांतरित केलेला नवा करार 1522चा. पुढच्याच वर्षी या अध्यायावर लिहिताना तो जुनाच जर्मन शब्द, 'रूफ' म्हणजे हाक, वापरत होता. खरी कलाटणी वेगळ्याच ठिकाणी आहे. बेन सिराखच्या ग्रंथाचं, म्हणजे एका प्राचीन यहुदी बोधग्रंथाचं, त्याचं भाषांतर 1533मध्ये निघालं. त्यातल्या अकराव्या अध्यायात 'आपल्या कामात टिकून राहा, आपल्या कष्टांना चिकटून राहा' अशा अर्थाच्या दोन ओळी आहेत. ग्रीकमध्ये तिथे अगदी साधे शब्द आहेत : 'एर्गोन' म्हणजे काम आणि 'पोनोस' म्हणजे कष्ट. लूथरने दोन्ही जागी एकच शब्द बसवला, 'बेरूफ'. तोवर हा शब्द देवाच्या बोलावण्याच्या घरातला होता. म्हणजे मूळ वचनात जिथे कोणी कोणाला हाक मारलेलीच नाही, तिथे भाषांतरात हाक शिरली. आज जर्मनीत कुठलाही अर्ज भरताना 'बेरूफ' या रकान्यात माणूस निव्वळ नोकरी लिहितो. देव त्या रकान्यातून केव्हाच बाहेर पडला.

ही चोरवाट पहिल्यांदा ठळकपणे दाखवली ती एका जर्मन समाजशास्त्रज्ञाने, 1904-05च्या आपल्या गाजलेल्या निबंधात, आणि तीही पानंच्या पानं चालणाऱ्या तळटीपांत. निबंध सगळ्यांना ठाऊक असतो, तळटीपा कोणी वाचत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : या शब्दाचा आजचा अर्थ बायबलच्या भाषांतरांतून आला खरा, पण तो मूळ ग्रंथाचा नाही, भाषांतरकाराचा आहे.

लूथरची बाजू मांडणारे सांगतात की ही चूक नव्हतीच, हे जाणूनबुजून केलेलं होतं. त्याच्या काळात 'पाचारण असलेला माणूस' म्हणजे घरदार सोडून मठात गेलेला. उरलेल्यांना पाचारणच नाही, त्यांनी नुसतं पोट भरावं. ही मक्तेदारी मोडायची तर शब्दच हिसकावून घ्यायला हवा होता, आणि तो त्याने घेतला. विरोधकांचा आक्षेपही तितकाच वजनदार आहे : 'आहेस तिथेच राहा' हे सांगणं सुताराला मान देतं, पण भूदासाला जमिनीला बांधून टाकतं. मला विचाराल तर उपदेश म्हणून तो निर्णय थोर होता, भाषांतर म्हणून लंगडा. वाद तरीही मिटलेला नाही. 1991 साली एका क्रोएशियन धर्मपंडिताने सुचवलं की कामाचा विचार 'पाचारणा'वरून करायचं सोडून द्यावं आणि पवित्र आत्म्याच्या 'कृपादानां'वरून करावा. कृपादानं एकापेक्षा जास्त असू शकतात, बदलू शकतात, आणि ती माणसाला जन्माच्या जागेला खिळवत नाहीत.

या वादात एक गंमत सहसा सुटून जाते. सोळाव्या शतकात 'पाचारण' म्हणजे जागा सोडू नकोस. आज लेखन-शिबिरात 'पाचारण' म्हणजे नोकरी सोड. शब्द तोच, वचन तेच आणि सल्ला नेमका उलटा.

मधल्या काळात प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधल्या कडव्या सुधारणावादी, उपदेशकांनी पाचारणाचे दोन भाग पाडले : सर्वांसाठीचं सामान्य, म्हणजे ख्रिस्ती म्हणून जगणं, आणि ज्याचं त्याचं विशेष, म्हणजे कामधंदा. विशेष पाचारणाची कसोटी सोपी होती : त्याने शेजाऱ्याचं भलं होतं का? सुतार उत्तीर्ण व्हायचा. कल्पित गोष्टी रचणाऱ्याला मात्र खुलासे द्यावे लागायचे. बारा वर्षं तुरुंगात काढलेल्या एका इंग्रज उपदेशकाने 1678मध्ये एका यात्रेकरूची रूपककथा छापली. तिच्या सुरुवातीला त्याने पद्यात चक्क माफीनामा जोडला : मित्रांपैकी काही म्हणाले छाप, काही म्हणाले नको. पुढे ते इंग्रजीतल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक ठरलं, पण लेखकाला आधी परवानगी मागितल्यासारखं बोलावं लागलं, हे लक्षात ठेवण्याजोगं.

पाचारणाच्या जोडीला दुसरा शब्द येतो, 'टॅलेंट'. त्याची कथाही अशीच तिरकी. तालांत हे मुळात वजन. पैशाच्या हिशेबात सहा हजार द्राख्मा. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातल्या दाखल्यात एक धनी तीन दासांकडे असे तालांत सोपवून जातो आणि तिसरा दास आपला तालांत जमिनीत पुरतो. दाखला प्रवचनांतून इतका घोटला गेला की इंग्रजीत वजनाचं नाव अंगच्या गुणाला चिकटलं, आणि तिथून तो शब्द आपल्याकडच्या 'टॅलेंट शो'पर्यंत आला. सतराव्या शतकात दृष्टी गेलेल्या एका इंग्रज कवीने या दुहेरी अर्थावर अख्खं सुनीत उभं केलं : माझ्यापाशी एकच तालांत आणि तो आंधळेपणाने माझ्यातच पुरलेला. त्याची धास्ती हिशेब द्यायची होती. आज 'देवाने दिलेलं टॅलेंट' म्हणताना हिशेब मागणारा धनी त्या वाक्यात सहसा दिसत नाही.

मराठीचा 'पाचारण' याबाबतीत जास्त प्रामाणिक आहे. 'मी पाचारण केलं' म्हटलं की मी दुसऱ्याला बोलावलं असाच अर्थ निघतो. स्वतःच स्वतःला पाचारण करता येत नाही, व्याकरण आडवं येतं. आणि ख्रिस्ती लेखकांचा इतिहास पाहिला तर बहुतेकांच्या बाबतीत खरंच दुसरं कोणीतरी दारात उभं असतं.

सगळ्यात जवळून पाहावा असा प्रसंग इंग्रज कवी हॉपकिन्सचा. 1868मध्ये येशूसंघात, म्हणजे जेझुइटांत, जाण्यापूर्वी त्याने आपल्या कविता जाळल्या. वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय लिहायचं नाही, असं त्याचं त्यानेच ठरवलं होतं. पुढची सात वर्षं जवळपास कोरी गेली. डिसेंबर 1875मध्ये थेम्सच्या मुखाशी एक जर्मन जहाज रेतीत रुतलं. बुडालेल्यांत, धर्मविरोधी कायद्यांमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या पाच फ्रान्सिस्कन जोगिणी (नन) होत्या. हॉपकिन्स तेव्हा वेल्समध्ये धर्मशास्त्र शिकत होता. बातमीने तो हललेला पाहून तिथल्या संस्थेचे प्रमुख सहज म्हणाले, यावर कोणीतरी कविता लिहायला हवी. बस. एवढ्या एका उद्गारावर त्याने लेखणी पुन्हा उचलली आणि पस्तीस कडव्यांची कविता झाली. ती संघाच्याच मासिकाकडे गेली. मासिकाने ती छापली नाही. 1889मध्ये तो वारला तेव्हा कवी म्हणून त्याला मोजके मित्र ओळखत होते. पुस्तक निघालं 1918मध्ये.

इथे पाचारण कोणतं आणि कोणाचं? धर्मगुरू होणं हे त्याचं पाचारण होतं, यात त्याला शंका नव्हती. कवितेला त्याने तो शब्द कधीच उदारपणे दिला नाही. आजच्या शिबिरात त्याची गोष्ट 'दडपलेल्या प्रतिभेची' म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. त्या सात वर्षांत कमावलेला छंदांचा कान पुढच्या प्रत्येक ओळीत ऐकू येतो. अर्थात जाळलेल्या कवितांचं समर्थन यातून होत नाही, हेही खरं.

त्याच्या मागे पाहिलं तर सूत्र तेच दिसतं. 1633मध्ये मरणशय्येवरच्या एका इंग्रज पाळकाने कवितांची वही मित्राकडे पाठवली आणि निरोप दिला : एखाद्या खचलेल्या जिवाला उपयोग होईलसं वाटलं तर छाप, नाहीतर जाळ. निर्णय मित्रावर. सोळाव्या शतकातली एक स्पॅनिश जोगीण कबुलीगुरूंच्या आज्ञेवरून आत्मवृत्त लिहिते आणि मध्येच कुरकुरते की यापायी सूतकताई मागे पडते आहे. राइनकाठच्या एका मठाधिकारिणीला 1141मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, 'जे पाहतेस ते लिही' अशी आज्ञा ऐकू आली. तिने टाळाटाळ केली, अंथरूण धरलं, आणि लिहायला लागल्यावरच ती उठली. इंग्लंडमधला गुराखी कॅडमन तर मेजवानीत वीणा आपल्याकडे येते आहे असं दिसताच उठून गोठ्यात जायचा, कारण त्याला गाता येत नव्हतं. स्वप्नात कोणीतरी म्हणालं, गा. सकाळी तो गाऊ लागला. ही हकिकत आठव्या शतकातल्या इतिहासात आहे. तिचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो : मठाच्या प्रमुख बाईंनी त्याची परीक्षा घेतली आणि मग त्याला संन्यास घ्यायला लावला. गुरं राखत राखत कवी राहण्याची सोय तेव्हा नव्हती.

मराठीतही हेच घडलं. 1616मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलेल्या, सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ख्रिस्तपुराणाचं कारण काव्यातच नोंदलेलं आहे : नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांची जुनी पुराणं सुटली, त्यांच्या जागी वाचायला काहीच नाही, तेव्हा काहीतरी द्या, असं मागणं आलं. लिहिणारा परदेशी जेझुइट होता. भाषा आणि छंद मात्र मागणाऱ्यांचा.

विसाव्या शतकात हे चित्र पालटलं. 1939मध्ये एका इंग्रज भाषापंडिताने स्कॉटलंडमधल्या व्याख्यानात मांडलं की माणूस निर्मात्याच्या प्रतिमेत घडला, म्हणून तोही दुय्यम निर्मिती करतो. दोनच वर्षांनी एका रहस्यकथालेखिकेने लेखनप्रक्रियेचं त्रैक्याशी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) नातं जोडणारं पुस्तक लिहिलं : कल्पना, तिला देह देणारं श्रम, आणि वाचकापर्यंत पोचणारं सामर्थ्य. तिचंच एक ठसकेबाज म्हणणं पुष्कळदा सांगितलं जातं. चर्च सुताराला सांगतं की दारू पिऊ नकोस आणि रविवारी उपासनेला ये. त्याला आधी सांगायला हवं की मेजं चांगली कर. 1965मध्ये व्हॅटिकनच्या महासभेने समारोपाला कलावंतांसाठी स्वतंत्र संदेश काढला, 1999च्या ईस्टरला पोपने त्यांना दीर्घ पत्र लिहिलं. आता कलाकाराला आज्ञेची गरज उरली नाही. निर्मिती हीच त्याची ईश्वराशी असलेली ओळख ठरली.

यातून खूप चांगलं घडलं. कादंबरी लिहिणाऱ्याला माफीनामा जोडावा लागत नाही. पण बोलावणारा पुसट झाला. ऊर्मी आत, परवानगी आत, आणि आता स्वतः पुस्तक काढण्याची सोय झाल्यापासून छपाईही एका बटणावर. 'नको, जाळ' म्हणणारा मित्र वाटेत कुठेच लागत नाही.

सर्जनशीलतेवरच्या ख्रिस्ती पुस्तकांत हमखास भेटतो तो बसालेल, बायबलच्या निर्गम या पुस्तकातल्या एकतिसाव्या अध्यायातला कारागीर, ज्याला देवाने आपल्या आत्म्याने भरलं. आधार बिनतोड आहे. फक्त बसालेलच्या हाती आराखडा आयता आला होता, हातांच्या मापांसकट, पडद्यांच्या रंगांसकट. लेखनासाठी त्याच्यापेक्षा जवळचा माणूस शास्त्रात आहे आणि त्याच्याकडे फारसं कोणी फिरकत नाही : यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक बारूख.

यिर्मया सांगेल तसं बारूख गुंडाळीवर लिहायचा. सरदारांनी विचारलं, हे सगळं तू कसं लिहिलंस? तो म्हणाला, ते तोंडाने सांगत होते, मी शाईने लिहीत होतो. जुन्या करारात शाईचा उल्लेख एवढा एकच. मग ती गुंडाळी राजासमोर वाचली गेली. यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीपाशी बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखनिकाच्याच चाकूने तेवढा तुकडा कापायचा आणि निखाऱ्यांवर टाकायचा. गुंडाळी संपेपर्यंत हे चाललं. त्याच यहोयाकीमच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी, म्हणजे गुंडाळीचं लेखन सुरू झालं त्याच साली, बारूख कण्हून कण्हून थकल्याचं आणि विसावा मिळत नसल्याचंही लिहिलेलं आहे. त्यावर त्याला मिळालेलं उत्तर शिबिरांच्या भित्तिपत्रकांवर कधी दिसत नाही : तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नकोस. जीव मात्र राहील.

मग यिर्मयाने दुसरी गुंडाळी काढून बारूखच्या हाती दिली. जळालेला सगळा मजकूर त्याने पुन्हा लिहून काढला, आणि या खेपेला त्यात तशाच आणखी पुष्कळ गोष्टी वाढल्या.