दोनशे मिलिमीटर पावसातली टाउनशिप

५० हेक्टर जमीन आणि त्यावर २०,००० माणसांची वस्ती. घोडबंदर रोडला अशी टाउनशिप उभी राहिली तर आपल्याला त्याचं काही वाटणार नाही. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी निकषाने तिला वर्षाला साधारण ९८ कोटी लिटर पाणी लागेल. मुंबई परिसरात वर्षाला २,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे त्याच ५० हेक्टरांवर ११० कोटी लिटर. निदान कागदावर तरी हिशेब जुळतो.

आता हीच वसाहत जैसलमेरजवळ नेऊन ठेवा. तिथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. जमिनीवर पडणारं एकूण पाणी १० कोटी लिटर आणि त्यातलं बहुतेक उन्हाने उडून जातं. पाच टक्के पाणी मुरलं असं धरलं, तर जमिनीच्या पोटात जातं ५० लाख लिटर. वसाहत ते दोन दिवसांत संपवते. उरलेल्या ३६३ दिवसांचं पाणी कुठून येणार, या प्रश्नापासून कोरड्या मुलखातलं पर्यावरण परिणाम मूल्यांकन (ईआयए), म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा मंजुरीआधीचा अभ्यास, सुरू व्हायला हवं.

आपल्याला, मुंबईकरांना, या प्रश्नाची सवय नाही. सात तलाव आहेत, ते चार महिन्यांत भरतात, पाणी नळाने घरात येतं. ज्या शहापूर तालुक्यातून त्यातलं बरंचसं येतं, तिथल्या गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे आपण बातमीत वाचतो आणि पुढे जातो. ‘पाण्याची सोय होईल’ हे वाक्य आपल्या तोंडी सहज येतं. वाळवंटात हेच वाक्य सगळ्यात महागात पडतं.

तिथे सोय होते ती बहुधा बोअरवेलने. पण वर येणारं पाणी किती जुनं आहे? ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी जैसलमेर भागातल्या भूजलाचं वय समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून, काढलं आहे. पद्धत मोठी सुरेख आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे जगभरच्या पावसात ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन मिसळला. ज्या भूजलात तो जवळजवळ सापडत नाही, ते त्याआधीच्या पावसाचं. त्याहून जुन्या पाण्याचं वय कार्बन-१४ वरून कळतं. तिथल्या खोल पाण्याचं वय हजारो वर्षं निघालं. हे पाणी उपसून वसाहत चालवणं म्हणजे पूर्वजांची मुदत ठेव मोडून महिन्याचा किराणा भरणं. म्हणून ‘बोअरला पाणी लागलं’ एवढी नोंद ईआयएच्या अहवालात पुरेशी नाही. दरवर्षी नव्याने मुरणारं किती आणि साठ्यातून काढलं जाणारं किती, हे वेगवेगळं लिहिलं पाहिजे.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात १९८० च्या भूजल कायद्यावर उभा असलेला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. ठरावीक भूजल क्षेत्रांत घरांचे भूखंड पाडून विकायचे, तर १०० वर्षं पुरेल इतक्या पाण्याची हमी दाखवावी लागते. जून २०२३ मध्ये राज्याने जाहीर केलं की फिनिक्स परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना अशी हमी मिळणार नाही. १०० वर्षांचा हा प्रश्न आपल्याकडच्या पर्यावरण मंजुरीच्या अर्जातही असायला हवा.

पाण्यानंतर माती. कोरड्या प्रदेशांतल्या पडीक वाटणाऱ्या जमिनीवर काही ठिकाणी काळपट, खरबरीत खपली दिसते. तिचा तुकडा भिंगाखाली धरला की वाळूचे कण बारीक तंतूंनी एकमेकांना बांधलेले दिसतात. हे तंतू नीलहरित जिवाणूंचे. त्यांच्याभोवती चिकट आवरण असतं आणि जिवाणू मेल्यावरही ते वाळू धरून ठेवतं. खपलीवर चार थेंब पाणी टाका, काही मिनिटांत तिच्यावर हिरवी झाक येते. महिनोन् महिने सुकून पडलेले जीव जागे होतात आणि प्रकाशसंश्लेषण सुरू करतात. काही जाती हवेतला नायट्रोजनही मातीत आणतात. वाऱ्याला वाळू उडवू न देण्याचं काम ही काही मिलिमीटरची खपली करते आणि एक डंपर ती मोडून जातो. १९४२ ते १९४४ दरम्यान कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात अमेरिकी रणगाड्यांचा सराव झाला. त्यांच्या चाकोऱ्या तिथे आजही दिसतात. तेव्हा बांधकामाच्या ट्रकांनी कुठून जायचं आणि कुठून जायचं नाही, ही वाळवंटात किरकोळ बाब नाही.

धुळीचं मोजमाप कधी केलं, यालाही तितकंच महत्त्व आहे. ईआयएसाठी पावसाळा सोडून एका ऋतूची आकडेवारी घेण्याची आपल्याकडे रूढ पद्धत आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत थरच्या वाळवंटात हवा मोजली, तर एप्रिल ते जूनमधली आंधी, म्हणजे धुळीची वादळं, नोंदीत येणारच नाहीत. आणि पाऊस? ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातलं कवास गाव पुरात बुडालं. जमिनीखाली जिप्समचा थर असल्याने पाणी मुरेना आणि कित्येक आठवडे ते हटलं नाही. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत एका दिवसात दीड वर्षाचा पाऊस कोसळला. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तेव्हा तिथे अडकले होते. कोरड्या मुलखात सरासरी फसवी असते. कोरडा ओढा हा बांधकामाला मोकळा प्लॉट नव्हे, हे एका ऋतूच्या आकड्यांतून कळत नाही.

कालव्याने बाहेरून पाणी आणलं तरी सगळं सुटत नाही. जोधपूरला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं आणि पुढे शहराच्या काही भागांत भूजल इतकं वर चढलं की तळघरांत पाणी साचू लागलं. सांडपाणी शुद्ध करून बागांना देणं चांगलंच, पण लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेलं पाणी चौरस मीटरला रोज पाच लिटर दिलं, तर वर्षात तिथे सुमारे १.८ किलो क्षार येऊन पडतात. ते धुऊन नेणारा पाऊस तिथे नाही. हिरवळीचा हट्ट सोडून खेजडीसारखी स्थानिक झाडं लावणं हाच त्यावर शहाणपणाचा उपाय आहे.

हे सारं राजस्थानपुरतं नाही. सातारा-सांगलीतल्या माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पाऊस ५०० मिलिमीटरच्या घरातच घुटमळतो. म्हसवड परिसरात मोठ्या औद्योगिक क्षेत्राचा प्रस्ताव आहे आणि कारखान्यांमागोमाग घरं येतातच. तिथली माळरानं सरकारी नकाशांत ‘पडीक’ म्हणून रंगवलेली असली, तरी ती मेंढपाळांची चराई आहे. पाणी कोणत्या बाजूने येतं, कुठलं कुरण दुष्काळातही तग धरतं, हे त्यांना कुठल्याही सल्लागारापेक्षा नेमकं ठाऊक असतं. आणि १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेने बांधकाम आणि टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतूनच सूट दिली आहे. खाणीला, कारखान्याला सुनावणी लागते. २०,००० माणसांच्या वस्तीला लागत नाही. ही सूट मला अजिबात पटत नाही. निदान कोरड्या तालुक्यांत तरी ती काढून टाकायला हवी.

तोवर, अशा भागात प्लॉट किंवा सेकंड होम घेणाऱ्याने एवढं जरूर करावं. पर्यावरण मंजुरीचे कागद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर असतात. मंजुरीच्या पत्रात पाण्याचा स्रोत काय लिहिलाय ते पाहा, भूजल असेल तर उपशाची परवानगी किती लिटरची आहे ते पाहा, हवेची मोजणी कोणत्या महिन्यांतली आहे तेही पाहा. मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल विकासकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. टोकन देण्याआधी तो मागून घ्या.