फेटा, नथ, मिशी, छत्री: नक्की कुठल्या दारात शिरायचं?

हॉटेलवाल्यांना टॉयलेटच्या दारावर सरळ 'पुरुष' आणि 'स्त्रिया' लिहायला काय होतं देव जाणे. फेटा आणि नथ इथपर्यंत ठीक आहे, नथ बघून कोण चुकणार. पण कुठे मिशी आणि ओठ, कुठे टोपी आणि छत्री (छत्री कुणाची हो? पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यांचीच असते), मग माणूस बिचारा मोबाईल बघायचं नाटक करत उभा राहतो, आतून कोण बाहेर येतंय ते बघायला.

पोलंडमध्ये तर थेट भूमितीचा पेपरच. गोल म्हणजे बायकांचं आणि टोक खाली असलेला त्रिकोण म्हणजे पुरुषांचं. शेजारच्या लिथुआनियात दोन्ही दारांवर त्रिकोणच असतात, टोक वर असेल तर बायका, खाली असेल तर पुरुष. तिथल्या लोकांना यात काहीच अवघड वाटत नाही कारण लहानपणापासून बघून बघून पाठ झालंय. आपली ती फ्रॉकवाली बाई तरी काय वेगळी आहे, आजूबाजूला सगळ्या साडी नाहीतर ड्रेसमध्ये, तरी फ्रॉक दिसला की आपल्याला बरोब्बर कळतं. म्हणजे ते चित्र ओळखीचं असतं म्हणून कळतं, हुबेहूब असतं म्हणून नाही.

त्यात रंगाची भानगड. १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापला आणि शाईचा रंग सांगा म्हटलं की लोक अडखळतात, कारण वाचायचं नाही ठरवलं तरी मेंदू आपोआप शब्द वाचून मोकळा होतो आणि मग दोन उत्तरांची मारामारी होते. जपानमध्ये पुरुषांची खूण सहसा निळी आणि बायकांची लाल, तिथे कुणी हौशी माणसाने रंग उलटे केले तर विचार करा, चित्र सांगणार एक आणि रंग सांगणार भलतंच, आणि तेही घाईच्या वेळी!

गंमत म्हणजे यावरचा उपाय कधीच सापडलाय. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला जपानी न येणारे एवढे पाहुणे येणार म्हणून मासारू कात्सुमी यांच्या देखरेखीखाली चित्रखुणांचा अख्खा संच तयार झाला, त्यात टॉयलेटपण होतं. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्यासाठी रॉजर कुक आणि डॉन शानोस्की यांनी ३४ खुणा काढल्या, आज एअरपोर्टवर दिसणारे ते गोल डोक्याचे बाई-माणूस त्याच घराण्यातले. आणि त्या खुणा कुणालाही फुकट वापरता येतात, एक पैसा द्यायचा नाही.

तरी आपले हॉटेलवाले पैसे मोजून कोडं बनवून घेतात, ते पितळेत कोरून अंधाऱ्या पॅसेजमध्ये लावतात, वेटर दिवसभर "लेफ्टवालं जेन्ट्स, लेफ्टवालं" ओरडत राहतो, आणि मग महिन्याभरात त्या महागड्या पितळेखाली सेलोटेपने एक कागद चिकटतो: 'पुरुष'.