करपा की जिवाणूचा ठिपका? ऑर्किडच्या रोपांवर 'साफ' मारण्याआधी

पाऊस लागला की मुंबईतल्या ग्रिलच्या खिडक्यांमधून ऑर्किडच्या लहान रोपांवर डाग पडायला लागतात, आणि कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "साफ मारा." साफ म्हणजे 12 टक्के कार्बेन्डाझिम आणि 63 टक्के मॅन्कोझेब. दोन्ही बुरशीनाशकं. डाग बुरशीचा असेल तर सल्ला चोख आहे. जिवाणूचा असेल तर तुम्ही औषध दिलेलंच नाही. रोपाला फक्त भिजवलंत, आणि जिवाणूला तेवढंच हवं असतं.

बुरशीचा करपा तुमच्या ओळखीचा आहे, म्हणून थोडक्यात. डाग कोरडा, किंचित खोलगट, कडा आखून दिल्यासारखी. कोलेटोट्रायकम नावाची बुरशी असेल तर आत एकात एक वलयं. फिलोस्टिक्टा ही बुरशी असेल तर बारीक उभट ठिपके, बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखे खरखरीत. सर्कोस्पोरा ही तिसरी, तिचा डाग पानाच्या खालच्या अंगाला पिवळट छटेने सुरू होतो. सगळ्यांची चाल संथ. रविवारी पाहिलेला डाग पुढच्या रविवारी थोडासा मोठा, इतकंच.

जिवाणूचा ठिपका पाणी मुरल्यासारखा सुरू होतो. डाळिंबावरचा तेल्या ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल, कारण तेल्याही जिवाणूचाच आणि त्याचे कोवळे डागही असेच तेलकट, अर्धपारदर्शक. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडवर हे काम बहुतेक वेळा अॅसिडोव्होरॅक्स या जिवाणूचं असतं. पान पिचपिचीत होऊन घाण वास मारत असेल तर ती मऊ सड, म्हणजे एर्विनियाच्या कुळातल्या जिवाणूंचं काम. कॅटलिया या दुसऱ्या ऑर्किडवर अॅसिडोव्होरॅक्स बहुधा जुन्या पानांवर येतो आणि रेंगाळतो, म्हणून कॅटलियावाले निर्धास्त असतात. त्यांचा अनुभव फॅलेनॉप्सिसच्या रोपाला लावू नका.

आता खरा घोळ. वर सांगितलेली लक्षणं वाचून लोक पानावरचा सगळ्यात मोठा, सगळ्यात ठळक डाग बघतात आणि निदान करून मोकळे होतात. पण मोठा डाग म्हणजे जुना डाग. जिवाणूचा डाग दोन दिवस ऊन पडलं, वारा लागला की वाळतो, काळा पडतो, खोलगट होतो आणि हुबेहूब करप्यासारखा दिसतो. उलट जुलैत, हवा ओलीचिंब असताना, करप्याची कडाही ओलसर वाटू शकते. पिवळं वलय तर दोघांनाही येतं. "पिवळं वलय म्हणजे जिवाणू" हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. जुना डाग म्हणजे झालेल्या रोगाची खूण. रोग कोणता ते नव्या डागावरून ठरतं.

म्हणून सगळ्यात लहान, काल-परवा उगवलेला ठिपका शोधा. पान मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. ठिपक्यातून उजेड आरपार येतो आणि आजूबाजूचं हिरवं पान अपारदर्शक दिसतं, तर जिवाणूचा संशय पक्का. मग डागाच्या कडेवर बॉलपेनने बारीक रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी डाग रेघ ओलांडून गेलेला असेल तर करपा म्हणत बसू नका. हे दोन्ही करायला दमडी लागत नाही, तरी कुणी करत नाही. फोटो काढून पाठवतात, तोही जुन्या डागाचा.

मोठ्या झाडावर हा घोळ परवडतो. पान हातभर असतं, डागाच्या पुढे बोटभर निरोगी भाग घेऊन कापलं की झालं. फ्लास्कमधून, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंद बाटलीतून, काढून दोन-चार महिने झालेल्या रोपाचं पान दीड-दोन इंचाचं. डागापासून गाभ्यापर्यंतचं, म्हणजे नवं पान फुटतं त्या मधल्या भागापर्यंतचं, अंतर जिवाणू काही दिवसांत कापतो, आणि फॅलेनॉप्सिसचा गाभा गेला की रोप गेलं. शिवाय अशी रोपं एकाच कम्युनिटी पॉटमध्ये, म्हणजे सामायिक कुंडीत, दाटीने असतात. एका पानावरून उडालेला थेंब शेजारच्या पानावर.

बुरशी असेल तर डागाळलेलं पान काढा आणि साफ मारा, पण पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने, सकाळी, हातमोजे घालून. जुना डाग पुसला जाणार नाही. नवे थांबले की औषध लागू पडलं. "औषध मारलं तरी डाग जात नाही" म्हणून आठवड्यात तीनदा फवारणारे लोक आहेत, आणि मग पानांची टोकं जळली की त्यालाही नवा रोग समजतात.

जिवाणू असेल तर फवारणी नंतरची गोष्ट. आधी पाणी तोडा. ते रोप वेगळं करा, अख्खं पान बुडापासून काढा, आणि दर कापाला पातं ज्योतीवर तापवा किंवा स्पिरिटने पुसा. टेबलफॅन लावा, थेट रोपांवर नाही, आसपासची हवा हलती राहील असा. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे तांब्याचं औषध, तेही पातळ. ते पानाच्या आत शिरत नाही, आतल्या जिवाणूला हात लावत नाही. निरोगी पानावर पहारा देतं, एवढंच. डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडवर कॉपर मुळीच नको, त्याला ते सोसत नाही. स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी कुणी सुचवली तर मला विचारू नका. ते अँटिबायोटिक आहे, शेतीतून ते हटवण्याचा मसुदा केंद्र सरकारने 2021 मध्येच काढला होता, आणि चार रोपांसाठी घरात ते घोळवणं मला पटत नाही. साफ, कॉपर आणि स्ट्रेप्टोसायक्लिन एकाच बाटलीत ढवळून मारणं म्हणजे निदानाचा आळस.

दालचिनीची पूड कापलेल्या जागेवर चिमूटभर चालेल. मुळांवर टाकू नका, मुळं सुकतात. हळदीबद्दल मी बोलत नाही.

मुंबईत पाणी कुठून येतं हेही बघा. वरच्या टांगलेल्या व्हँडा ऑर्किडचं पाणी खालच्या रोपांवर ठिबकतं, वरच्या मजल्यावरचे ओले कपडे ठिबकतात, एसीचा पाइप ठिबकतो. जून ते सप्टेंबर रोपांवर पाणी शिंपडायची गरजच नसते. हवेतच मुबलक असतं. पाणी द्यायचं तर सकाळी, माध्यमाला (कुंडीत भरलेल्या साल-कोळशासारख्या भरावाला), पानं संध्याकाळपर्यंत कोरडी होतील असं.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. ऑक्टोबरच्या उन्हाचा चटका उन्हाकडच्या बाजूलाच पडतो, पांढुरका होतो आणि पसरत नाही. रोप बुडापासून काळं पडत कोलमडत असेल तर ती पिथियम किंवा फायटॉफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूंची सड. तिथेही साफमधल्या कार्बेन्डाझिमचा उपयोग नाही, मेटालॅक्झिल असलेलं औषध लागतं.

आणि पाणचट डाग गाभ्यात उतरलेला दिसला, तर त्या रोपावर औषध वाया घालवू नका. पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, घरच्या खताच्या डब्यात नाही, आणि त्याच्याखालचं माध्यम पुन्हा वापरू नका.