'जिंकलेला संघ बदलू नये' हे खरं नाही, भाऊ

जळगाव-भुसावळकडे फुटबॉलच्या गप्पांत हे वाक्य हटकून येतं: जिंकलेला संघ बदलू नये. पुरावा म्हणून इंग्लंडच्या लीस्टर क्लबचं नाव घेतलं जातं. 2015-16 मध्ये जवळपास तेच अकरा खेळवून त्यांनी प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, जिंकली, हे खरंच आहे. पण त्या मोसमात लीस्टर युरोपातल्या स्पर्धेत नव्हतं, दोन्ही देशांतर्गत कपमधूनही लवकर बाहेर पडलं. एकूण सामने 43. मँचेस्टर सिटीने 2022-23 मध्ये तीन मोठी विजेतेपदं मिळवली तेव्हा ते 61 सामने खेळले, आणि त्यांचे प्रशिक्षक गार्डिओला संघ सतत बदलत होते.

कारण शरीरात आहे. पूर्ण 90 मिनिटं धावल्यावर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे धावायला लागणाऱ्या इंधनाचा, साठा भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. त्याआधी पुन्हा उतरवलं की वेग घटतो, मांडीचा मागचा स्नायू दुखावण्याचा धोका वाढतो. खान्देशच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर घामानेच पोरं रिकामी होतात.

बदल म्हणजे अकराच्या अकरा काढणं नव्हे. बचावातली मधली जोडी शक्यतो तीच ठेवावी, सर्वाधिक धावणाऱ्या विंगर (कडेने चढाई करणारे) आणि फुलबॅकना (कडेचे बचावपटू) आधी विश्रांती द्यावी. बाकावर बसवणं ही शिक्षा नाही, हे त्या पोराला प्रशिक्षकाने स्वतः सांगायला हवं.