गंजावर कोटिंग मारलं की गंज थांबतो?

वाशी, ऐरोली, बेलापूर… खाडीलगतच्या सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच सल्ला फिरतो: पावसाळ्याआधी गाडीखाली काळं कोटिंग मारून घ्या, गंज जागीच थांबेल.

नाही थांबत. कोटिंग चांगला पत्रा वाचवतं. गंजलेल्या पत्र्यावर मारलं तर ओल आणि खार आत कोंडतो, गंज पत्रा खात राहतो आणि वरून सगळं काळंभोर, चकाचक दिसतं.

आधी गाडी लिफ्टवर घ्या आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा टणक लागला, नुसती तांबूस पूड पडली, तर घासून, प्रायमर लावून मग कोटिंग करा. टोक आत घुसलं, तर भोक कुठे आहे ते महत्त्वाचं. फ्लोअरवर छोटं असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड होतो. पण दाराखालचा पट्टा किंवा सस्पेन्शन बसतं ती जागा सडली असेल, तर प्रकरण गंभीर आहे. बहुतेक कारना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. असं काम दोन्ही बाजूंना निघालं आणि १५ वर्षांची नोंदणीही संपत आली असेल, तर माझ्या मते त्यात पैसे घालूच नयेत. गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि तिथलं प्रमाणपत्र जपून ठेवा. नव्या गाडीच्या करसवलतीसाठी ते लागतं.