पाय : असून अडचण

अंतराळवीराच्या मदतीला यंत्र पाठवायचं तर ते माणसासारखं कशाला हवं? नासाच्या अभियंत्यांचं उत्तर मुळात हातांपुरतंच होतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे नट पिळायचे पाने, बटणं, झाकणं, धरायच्या दांड्या, सगळं माणसाच्या पंजाच्या मापाचं. रोबोसाठी निराळी हत्यारं वर न्यायची म्हणजे वजन वाढणार. त्यापेक्षा त्यालाच हात द्यावेत, या हिशेबाने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात ‘रोबोनॉट’चं काम सुरू झालं. सोबत अमेरिकी संरक्षण खात्याची ‘दार्पा’ ही संस्था होती.

पहिला रोबोनॉट जमिनीवरच राहिला. दुसऱ्याच्या वेळी, २००७ मध्ये, जनरल मोटर्स जोडीला आली. असे हात मोटारींच्या कारखान्यालाही हवेच होते. हा ‘आर-टू’ २४ फेब्रुवारी २०११ रोजी ‘डिस्कव्हरी’ यानाच्या अखेरच्या फेरीत वर गेला. डोकं, धड आणि दोन हात, एवढ्याचंच वजन सुमारे १५० किलो. बोटं हलवणाऱ्या मोटर्स त्याच्या पंजात नाहीत, मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागात आहेत; तिथून दोऱ्यांनी बोटं ओढली जातात. आपलंही बरंचसं तसंच. एका हाताने दुसऱ्या हाताला मनगटाच्या वर चाचपा आणि बोटं हलवा, आतली खेच हाताला लागेल.

फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याने स्थानकाचे कमांडर डॅन बरबँक यांच्याशी हात मिळवला. फोटो त्या हस्तांदोलनाचेच जास्त झळकले. मला मात्र त्यानंतरचं एक रटाळ काम जास्त मोलाचं वाटतं. स्थानकात हवा नीट खेळते का, हे झरोक्यांसमोर मापक धरून बघावं लागतं. माणसाने धरला तर हात हलतो, शिवाय त्याच्या श्वासानेच आकडा बिघडतो. आर-टूचा हात स्थिर, आणि श्वासाचा प्रश्नच नाही.

इथवर ठीक होतं. एप्रिल २०१४ मध्ये त्याच्यासाठी पाय पाठवले गेले. प्रत्येकाला सात सांधे आणि टोकाला पावलाऐवजी दांडी पकडणारा चिमटा. पाय बसले आणि विजेच्या तक्रारी सुरू झाल्या. स्थानकावरच दुरुस्ती करणं जमेना. शेवटी २०१८ मध्ये त्याला खाली आणावं लागलं.

(जपानचा ‘किरोबो’ २०१३ मध्ये स्थानकावर गेला होता, पण ३४ सेंटीमीटरच्या त्या बोलक्या बाहुल्याचं काम गप्पा मारण्याचं, म्हणून तो या हिशेबात नाही.)

रशियाचा ‘फेडोर’ पूर्णाकृती, चांगला लांब पायांचा. २२ ऑगस्ट २०१९ रोजी सोयूझ यानाच्या मधल्या आसनावर बसून तो निघाला. पहिल्या प्रयत्नात यान स्थानकाला जोडलंच गेलं नाही. जोडलं गेलं ते २७ तारखेला. ७ सप्टेंबरला तो परतही आला. पुढे त्याच्या निर्मात्यांनीच सांगितलं, की स्थानकाबाहेरच्या कामात लांब पायांचा उपयोग नाही.

वजन नसलं की पायांना काम उरत नाही; अंतराळवीरसुद्धा दांड्या धरत हातांनीच सरकतात, पाय फार तर कुठेतरी अडकवून ठेवायला. इस्रोने २२ जानेवारी २०२० रोजी बंगळुरूत ‘व्योममित्रा’ दाखवली, ती अर्धाकृती. गगनयानाच्या मानवरहित उड्डाणात तिने बसल्या जागी पॅनेलची बटणं हाताळायची आणि यानाच्या कुपीतल्या (कॅप्सूलमधल्या) हवेवर लक्ष ठेवायचं, अशी योजना. ती हिंदी आणि इंग्रजी बोलते. पाय तिला दिलेलेच नाहीत.