बटन बंद, तरी बल्ब मिणमिणतो

रात्री घरातले दिवे मालवले, डोळे अंधाराला सरावले, की कधीकधी छताजवळचा नवा एलईडी बल्ब अंधूक पेटलेला दिसतो. बटन तर बंद आहे. मग कोणी म्हणतं माल डुप्लिकेट आहे, कोणाला मीटर चोरून पळतोय असं वाटतं, आणि एखाद्या घरात बोर्डाला लिंबू-मिरची लटकते. लिंबाने नुकसान काही नाही, फक्त सरबत हुकतं. पण या मिणमिणण्यामागे कधीकधी वायरिंगमधली खरी चूक असते, आणि ती बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्याला भोवते.

गल्लीतल्या डीपीवरून घरात फेज आणि न्यूट्रल येतात. न्यूट्रल तिथेच जमिनीला जोडलेला असतो, म्हणून जमिनीच्या मानाने फेजवर 230 व्होल्ट आणि न्यूट्रलवर जवळपास शून्य. बटनाने फेज तोडायला हवा. घाईत कोणी न्यूट्रल बटनातून फिरवला, तरी दिवा लागतो आणि विझतो, तक्रारीला जागाच राहत नाही. फरक इतकाच की दिवा विझला तरी होल्डरपर्यंत फेज हजर असतो, म्हणून एलईडी मिणमिणू शकतो आणि हात लागला तर झटकाही बसतो.

तपासणी दोन मिनिटांची आहे. आधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो पेटतोय याची खात्री करा. मग बल्ब काढा, बटन बंद ठेवा आणि होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर आळीपाळीने लावा. पातं दोन्ही पिनांना एकदम लागलं तर शॉर्ट होईल, तेवढं सांभाळा. एका पिनेवर टेस्टर लख्ख पेटला, तर बटन न्यूट्रलवर आहे. पुसट पेटला तर लगेच घाबरू नका, कारण पुढे आहे.

वायरिंग अगदी बरोबर असली तरी एलईडी मिणमिणू शकतो. बोर्डापासून होल्डरपर्यंत पाइपातून फेजची तार आणि बटनाकडून परत येणारी तार एकमेकींना खेटून जातात. दोन धातू आणि मध्ये पीव्हीसी, म्हणजे शाळेत शिकलेला कपॅसिटरच झाला! त्याची क्षमता दर मीटर लांबीला साधारण 50 ते 100 पिकोफॅरड धरा. 8 मीटरच्या पाइपात 600 च्या आसपास. डीसी त्यातून जाणार नाही, पण आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. दर आवर्तनात या कपॅसिटरवर भार चढतो आणि उतरतो, आणि ही ये-जा म्हणजेच प्रवाह. 50 हर्ट्झला 600 पिकोफॅरडचा अडथळा होतो सुमारे 53 लाख ओहम. 230 ला त्याने भागलं की फार तर 43 मायक्रोअँपिअर.

जुन्या 60 वॉटच्या पिवळ्या बल्बला साधारण 2,60,000 मायक्रोअँपिअर लागायचे. त्याच्या तारेला या 43 चा पत्ताही लागत नसे. एलईडीला मात्र तेवढ्यावरही थोडा प्रकाश देता येतो, आणि अंधाराला सरावलेला डोळा तो टिपतो. काही बल्ब मिणमिणत नाहीत, दर काही सेकंदांनी लुकलुकतात. त्यांच्या आतला कपॅसिटर या झिरपणाऱ्या प्रवाहावर हळूहळू भरतो, व्होल्टेज पुरेसं चढलं की ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटची, चिप जागी होते, साठवलेलं सगळं एका उजेडात संपवते आणि पुन्हा झोपते. बटनात इंडिकेटरचा लाल दिवा असेल तर त्यातूनही असाच प्रवाह झिरपतो. तिथे साधं बटन बसवलं की प्रश्न मिटतो.

तारांमुळे होत असेल, तर दिव्याला समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा, एक्स-टू छापाचा (थेट मेन लाइनवर लावायला बनवलेला), 275 व्होल्ट एसीचा कपॅसिटर बसवतात. 600 पिकोफॅरडसमोर तो 1,00,000 पिकोफॅरडचा, त्यामुळे 230 पैकी दिव्याच्या वाट्याला जेमतेम दीड व्होल्ट उरतो. फॅन रेग्युलेटरमधून काढलेला कुठलाही कपॅसिटर इथे लावू नका. जाता जाता एक: सॉकेटमध्ये खोचायच्या ‘वीज बचत यंत्रा’त बहुतेक वेळा असाच एखादा कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. घरचा मीटर किलोवॅट-तास मोजतो, त्यात या डबीने काहीही फरक पडत नाही.

आता प्रत्यक्ष दिवा बसवायचं. जुना दिवा काढून त्याच जागी तसाच नवा लावायला घरच्या माणसाला मुभा आहे; नवा पॉइंट काढणं किंवा न्यूट्रलवरचं बटन फेजवर आणणं हे परवानाधारकाचं काम. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडणारा स्विच, आधी पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण दिव्यांची लाइन बहुधा त्याच्यावर असते आणि मेन पाडला की तो इमानदारीने तिकडे 230 व्होल्ट पाठवतो. मग टेस्टरने पुन्हा बघा.

रंगांवर विसंबू नका. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत लाल, पिवळा, निळा हे फेजचे रंग, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थिंग. आयात केलेल्या फिटिंगमध्ये मात्र तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल! निळ्याला निळा जोडणारा इथे हमखास फसतो.

दिव्यांच्या लाइनला 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. टोक 8 ते 10 मिलिमीटर सोला, तंतू पीळ देऊन दुमडा आणि स्क्रूखाली घट्ट आवळा. एकही तंतू बाहेर राहू देऊ नका. नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड कालांतराने ढिला होतो. पुढच्या दिव्या-पंख्यांचा 4 अँपिअर प्रवाह अर्ध्या ओहमच्या ढिल्या जोडातून गेला, तर तिथे 8 वॉट उष्णता निघते, तीही मसुरीएवढ्या जागेत. एमसीबीला यात काहीच वावगं दिसत नाही. म्हणून कनेक्टर वापरा. छताला 6 मिलिमीटरचं भोक, प्लास्टिकची गिट्टी, मग स्क्रू. वजन तारेवर लटकवू नका.

धातूच्या बॉडीला हिरवी तार हवीच. फिटिंगवर चौकोनात चौकोन अशी खूण (दुहेरी इन्सुलेशन) असेल तरच अर्थिंग लागत नाही.

सगळं जोडून बटन दाबल्याबरोबर आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) पडला, तर त्याला शिव्या देऊन बायपास करू नका. बहुधा काळी आणि हिरवी अदलाबदल झालेली असते. 20 वॉटची बॅटन (ट्यूबसारखा लांब एलईडी दिवा) 90 मिलिअँपिअरच्या आसपास घेते, तो सगळा प्रवाह अर्थिंगवरून परत गेला, आणि आरसीसीबी 30 लाच पडतो. ज्या घरात आरसीसीबीच नाही, तिथे हीच चूक असताना दिवा छान लागतो, वर्षानुवर्षं लागतो. मग एक दिवस भिंतीत कुठेतरी अर्थिंगची तार तुटते, आणि दिवा लावला की त्याच अर्थिंगला जोडलेल्या फ्रिजच्या दाराला फेज येतो.